मितालीला दिसलं ते

१४ जुलै २०२१, बुधवार. ब्लॅकटाउन

चाइल्डकेअरमधल्या माझ्या शिफ्ट आजपासून बंद. लॉकडाउनमुळे मुलंच येत नाहीत, तर रोजंदारीवरच्या कॅज्युअल बाईला कोण बोलावणार? निघताना डायरेक्टर बाईंनी जाळीची पेटी माझ्या हातात ठेवली. "टेक हर होम, लव्ह. तुला त्यातलं कळतं."

पेटीत एक काटेरी पानकिडा आहे. मादी, वीतभर लांब, वाळक्या पानाच्या रंगाची. निलगिरीच्या फांदीला उलटी लटकून असते. पेटी जरा हलली की वाऱ्यावर पान डोलावं तशी डोलते. नवऱ्याने, शैलेंद्रने, दारातच विचारलं, "ही घरात ठेवायची?" मी हो म्हटलं. तो परत मीटिंगला गेला.

वही खूप दिवसांनी उघडली. नाशिकला अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात झूलॉजी शिकवलं. इथे परदेशात तीन वर्षं नॅपी बदलते आहे. हे कुठेतरी लिहायचं होतं, लिहिलं.

१८ जुलै

मराठी शाळेच्या रेखाताईंचा फोन. शनिवारची शाळा झूमवर गेली आणि मुलं कंटाळून कॅमेरे बंद करतात. "तुम्ही मॅडम होतात ना? आठ शनिवार काहीतरी वेगळं घ्या." मी म्हटलं, कीटक घेते. त्यांनी विचारलं, "झुरळं वगैरे?" म्हटलं, झुरळंसुद्धा.

खूप दिवसांनी कोणी मॅडम म्हटलं.

२४ जुलै, शनिवार

पहिला वर्ग. अकरा मुलं.

सगळ्यांनी घरून कणीक मळून आणली होती, हळद घालून पिवळी, बिटाचा रस घालून लाल. तीन गोळे: डोकं, छाती, पोट. पायांना टूथपिक. विराजने सहाही पाय पोटाला लावले. पेटीसमोर ठेवलेल्या फोनमधून पानकिडा दाखवला आणि म्हटलं, हिचे पाय कुठून निघतात ते बघा. दोन मिनिटांत विराज ओरडला, "ओह नो, माझा रॉंग आहे!" त्याने स्वतः पाय उपटून छातीला लावले. इतकं बरं वाटलं.

मग वहीत दोन रकाने करायला लावले. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. ती हलली, हे दिसलं. ती घाबरली, हे वाटलं. "डाव्या बाजूला फक्त डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं. आणि एकदा बघितलंत की कोणी काहीही म्हणो, खोडायचं नाही." हे वाक्य मी नाशिकलाही म्हणायचे.

केलीव्हिलची मिताली नावाची मुलगी आहे, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे. ती म्हणाली, "मावशी, ती पान कडेने खाते. प्रिंटरसारखी. वरून खाली, मग परत वर." मी इतक्या वर्षांत कधी असं सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "आणि ती माझ्या आजीसारखी चालते. नी ऑपरेशननंतर आजी अशीच चालायची."

नावासाठी मत घेतलं. विराजचं 'गंगुबाई' जिंकलं.

३१ जुलै, शनिवार

आमच्या भागाचे नियम आणखी कडक. आज तोंडं शिकवली. स्ट्रॉ म्हणजे फुलपाखरू, स्पंज म्हणजे माशी, कात्री म्हणजे नाकतोडा. बशीत साखरेचं पाणी, मध आणि कोथिंबीर. कोणाला काय खाता येतं ते करून बघायचं. नचिकेतच्या आईच्या सोफ्यावर मध सांडला. मुलं खिदळत होती. आयांचे चेहरेही चौकटीत डोकावत होते.

वर्ग संपल्यावर मिताली थांबली. म्हणाली, तिची आजी नागपूरला असते पण हल्ली फोनवर येत नाही, तिथे नेटवर्क नाही. "बाबा तिचे व्हॉइस मेसेज लावतो. पण प्रत्येक वेळी मागे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. अँड देन सेम डॉग."

मी म्हटलं, "आजीला रोज तीन शिट्ट्यांचं वरण लागत असेल."

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

मुलगी हुशार आहे. माझे दोन रकाने तिने घरापर्यंत नेले. शैलेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी व्हिडिओ कॉल का करत नाही पण?" त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

७ ऑगस्ट

व्हॉट्सॅप ग्रुपवर आयांचे एकोणीस मेसेज, सगळे कौतुकाचे. स्वप्ना, मितालीची आई, लिहिते, 'शी वेट्स ऑल वीक फॉर धिस.' रेखाताईंनी एका लायब्ररीतल्या बाईंना सांगितलं आहे. सुट्ट्यांमध्ये मुलांसाठी त्यांना असा वर्ग हवा आहे. त्या २१ तारखेला झूमवर आमच्यात येऊन बसणार. मुलांना जिवंत गंगुबाईभोवती शिकताना बघायचं आहे, असं त्यांनी मुद्दाम कळवलंय.

मी सकाळपासून मनातल्या मनात इंग्रजीत शिकवते आहे.

१४ ऑगस्ट, शनिवार

छान वर्ग. गंगुबाईने मुलांसमोर शेपूट झटकून अंडं फेकलं, जाळीवर टक् आवाज आला. सगळ्यांनी तिने कुरतडलेल्या पानांचे आकार काढले. मी पूर्ण वेळ रेकॉर्ड करून ठेवला, लायब्ररीच्या बाईंना पाठवता येईल म्हणून.

१७ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. रिझर्व्हमधल्या झाडीपर्यंत चालत जाऊन फांदी आणायचा कंटाळा केला. शेजारच्या ग्रॅहमच्या निलगिरीची फांदी आमच्या कुंपणावर आली आहे, तीच तोडली. पानं जरा चिकट लागली. बाहीने पुसली आणि पेटीत ठेवली.

१९ ऑगस्ट

गंगुबाई खाली आहे. पाय आखडतात, मधेच थरथरतात. पाणी फवारलं. फांदी काढून टाकली. चार तास पेटीसमोर बसून राहिले.

२० ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडेनऊला गेली.

डायरेक्टर बाईंना फोन केला. "ओह लव्ह, दे डोन्ट लास्ट फॉरेव्हर," म्हणाल्या. दुसरी मिळेल का, विचारलं. लॉकडाउन उठेपर्यंत नाही.

उद्या लायब्ररीच्या बाई येणार. शैलेंद्र म्हणाला, "मुलांना सांगून टाक. किडे मरतात. तोही धडाच आहे." त्याला सांगणं सोपं आहे. मुलं आठ आठवडे घरात कोंडलेली आहेत, रोज टीव्हीवर आकडे बघतात. त्यांना आणखी एक मरण कशाला? शनिवारी हसतात तेवढंच.

मी मुलांचाच विचार करते आहे. हे इथे लिहून ठेवते.

२१ ऑगस्ट, शनिवार

झालं ते क्रमाने लिहिते.

लायब्ररीच्या जोआन बाई वेळेवर आल्या. मी पंख शिकवले. कांद्याच्या सालीचे पंख, त्यावर पेनाने शिरा. त्यांना फार आवडलं. मग म्हटलं, आता गंगुबाईला भेटू या. आणि स्क्रीनवर गेल्या शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज बंद करून. तोच फोन, तीच पेटी. कोणाला कळणार नव्हतं.

मिताली म्हणाली, "मावशी, हा जुना आहे."

"काय जुना?"

"व्हिडिओ. हा बाइट बघ, मॅपवरच्या टास्मानियासारखा, अपसाइड डाउन. मी लास्ट वीक काढला होता." तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. "आणि आता ती फ्लाय येईल, लेफ्टने. येऊन पाय क्लीन करेल. बघ, नाऊ."

माशी डावीकडून आली. पाय घासायला लागली.

जोआन बाई हसतमुखाने बघत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण मुलीने वही का धरली आहे ते त्या विचारणारच होत्या. मी म्हटलं, "मिताली, नीट बघ. गंगुबाई आत्ता खाते आहे."

"पण मावशी, मी काढलाय..."

"दिसलं आणि वाटलं यात काय फरक, ते आपण शिकलो ना? तुला तसं वाटलं."

विराज म्हणाला, "मिताली सीज घोस्ट्स." दोघं-तिघं हसले.

तिने वही खाली घेतली. तिचा माइक चालू होता. खोडरबराचा आवाज येत होता, बराच वेळ.

जोआन बाईंनी शेवटी विचारलंच, मुलगी काय दाखवत होती. मी सांगितलं, तिचं चित्र. त्या "लव्हली" म्हणाल्या. डिसेंबरच्या सुट्टीतले दोन आठवडे माझे, असं जवळपास ठरलं आहे.

२३ ऑगस्ट, सोमवार

ग्रॅहम कुंपणापाशी भेटला. गुलाबांवर औषध मारताना निलगिरीवरही मारलं होतं म्हणाला, पानांवर कीड फार झाली होती. "व्हाय, एव्हरीथिंग ऑल राइट, मेट?" मी म्हटलं, नो वरीज.

पानं चिकट होती. मला कळायला हवं होतं. मला कळलं होतं, खरं तर.

मितालीचं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. मुलं विसरतात.

२८ ऑगस्ट, शनिवार

परत तेच रेकॉर्डिंग, फक्त मधला दुसरा भाग. कोणी काही बोललं नाही. मितालीही आज शहाण्यासारखी वागली, पूर्ण वेळ कॅमेरा चालू, एकही प्रश्न नाही. मी सांगितलेलं सगळं लिहून घेत होती. उगाच काळजी करत होते.

४ सप्टेंबर

गंगुबाईला चाइल्डकेअरमध्ये परत पाठवलं असं मुलांना सांगितलं. नचिकेत म्हणाला, "ऑऑ." मितालीने मान डोलावली. आता हा विषय संपला.

११ सप्टेंबर, शनिवार

शेवटचा वर्ग. मुलांनी आपापल्या कीटकाचे मुखवटे घालून माहिती सांगितली. अंड्यांच्या ट्रेचे डोळे, चाळणीचे डोळे. विराज शेणकिडा झाला होता आणि पायांनी फुटबॉल ढकलत आला. आया टाळ्या वाजवत होत्या.

वह्यांचे फोटो मागवले होते. मितालीची वही सगळ्यात नीट. ऑगस्टच्या शेवटापासून तर तिचं मराठीही सुधारलं आहे, 'दिसलं'च्या रकान्यात सबंध वाक्यं. 'गंगुबाई आनंदात आहे.' 'गंगुबाई आत्ता पान खाते आहे.'

ही वाक्यं कुठेतरी ऐकली आहेत असं वाटत राहिलं. मग कळलं, माझीच आहेत. आणि आधीच्या पानावर, टास्मानियाच्या जागी, कागद खरवडून इतका पातळ झाला आहे की मागची ओळ दिसते.

१५ सप्टेंबर, बुधवार

दुपारी स्वप्नाचा फोन. पुढच्या टर्मला वर्ग आहे का, विचारत होती. मग म्हणाली, "चित्रलेखाताई, एक सांगायचं होतं. तुम्हाला थँक यू."

अवधूतची, म्हणजे मितालीच्या बाबांची, आई मे महिन्यातच गेली. नागपूरला, हॉस्पिटलबाहेर गाडीत. बॉर्डर बंद, जाता आलं नाही. ही दोघं अंत्यविधी मोबाइलवर बघत बसली. मितालीला सांगायचं धाडस झालं नाही. नेटवर्क नाही म्हणाले आणि जुने मेसेज ऐकवत राहिले.

"जुलैपासून फार मागे लागली होती हो. बाबा, हा जुना आहे, कुकर तोच, कुत्रा तोच. अवधूत म्हणायचा, तुला तसं वाटतं, बेटा. ऐकायची नाही. वहीत लिहून ठेवायची, कितव्या मेसेजला किती शिट्ट्या. मग एका शनिवारी तुमच्या वर्गातून उठून आली आणि म्हणाली, मावशीपण म्हणाली, मला चुकीचं दिसतं. त्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही. खरं सांगते, आम्हाला सुटल्यासारखं झालं."

मी "हं" म्हणाले. तिला वाटलं लाइन तुटली.

१६ सप्टेंबर

३१ जुलैचं पान परत वाचलं. तीन शिट्ट्यांचं वरण. ते मी विनोद म्हणून लिहिलं होतं.

ती माझ्याकडे विचारायला आली होती. तिच्या घरात कोणी खरं सांगत नव्हतं, आणि शनिवारी एक बाई सांगत होती की बघितलेलं खोडायचं नाही.

शैलेंद्रला सगळं सांगितलं. त्याने 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर, शनिवार

स्वप्नाला फोन केला. सांगितलं, मितालीला बरोबर दिसलं होतं. व्हिडिओ जुना होता. गंगुबाई आदल्या दिवशीच मेली होती आणि माझ्याच हाताने मेली. पाहुण्या बाई बसल्या होत्या म्हणून मी मुलीला खोटं पाडलं.



"ताई," ती म्हणाली, "आमची तर आई होती. तोंडातून शब्द निघत नव्हता. तुमचा एक किडा होता हो. तेवढंही सांगता आलं नाही?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याकडे मागून काय उपयोग?" मितालीशी बोलू दे, म्हटलं. "आत्ता नको. आधी आमचं आम्हाला सांगायचं आहे. नाहीतर तिला वाटेल आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

फोन ठेवला. आम्ही ठरवलं नव्हतं. पण तिच्या बाजूने बघितलं तर काय वेगळं दिसणार?

२० सप्टेंबर

जोआन बाईंना ईमेल लिहिलं. त्या दिवशी पेटीत जिवंत काही नव्हतं, मुलगी तेच सांगत होती, आणि डिसेंबरसाठी त्यांनी दुसरं कोणी बघावं. दुपारभर पाठवलं नाही. चार वाजता पाठवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आणि सभ्य होतं.

४ ऑक्टोबर

स्वप्नाचा मेसेज. काल मितालीला आजीचं सांगितलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "कुठल्या डेटला?" अवधूतने तारीख सांगितली. ती "ओके" म्हणाली आणि लेगो करत बसली. रात्री जेवताना अवधूतच रडला. तिने उठून त्याला टिश्यू आणून दिला.

२४ ऑक्टोबर, रविवार

लॉकडाउन उठून दोन आठवडे होतील. रेखाताईंनी केलीव्हिलच्या एका पार्कात सगळ्यांना बोलावलं होतं. अकरांपैकी नऊ मुलं आली. झूमवर सगळी एकाच उंचीची वाटायची. विराज एवढासा आहे, नचिकेत माझ्या खांद्याला लागतो.

चटईवर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, नीट कळावं म्हणून. मग मितालीसाठी मराठीत परत. गंगुबाई २० ऑगस्टला मेली. औषध मारलेली पानं मी दिली. तुम्हाला तिचा जुना व्हिडिओ दाखवला. मितालीने ते ओळखलं. मला माहीत होतं ती बरोबर आहे, आणि तरी मी तिला सगळ्यांसमोर चूक ठरवलं. सॉरी.

नचिकेत म्हणाला, "सो वी वेअर वॉचिंग अ डेड वन?"

"हो."

"डिड यू बरी हर?"

"तुळशीच्या कुंडीत."

विराज मितालीकडे वळून म्हणाला, "सॉरी अबाउट द घोस्ट थिंग." ती म्हणाली, "इट्स ओके." मग माझ्याकडे बघून, त्याच आवाजात, "इट्स ओके, मावशी."

मला वाटलं होतं ती चिडेल. मी त्याची तयारी करून गेले होते.

मुलं पाच मिनिटांत पांगली. निलगिरीच्या साली उचकटून बघत होती, ओरडत होती, "मावशी, कम, कम!" मिताली बाकावर बसून होती. वही आणली होती. मी शेजारी जाऊन बसले. बाकाला लागूनच झाड होतं आणि सालीवर काहीतरी सरकत होतं.

"मिताली, हे बघ. काय आहे?"

"तू सांग."

"नाही, तू बघून सांग."

"तू सांग ना, मावशी. मी लिहिते."

"तुला जे दिसेल ते लिही. चुकलं तरी चालेल."

तिने जरा विचार केला. रागाने नाही, अगदी समजावल्यासारखं म्हणाली, "दॅट्स ओके. तू सांगितलंस की मग कोणी नाही म्हणत नाही."

वही उघडून तिने आजची तारीख घातली, पट्टीने रेघ मारली आणि पेन्सिल धरून थांबली. तिचं झाडाकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिकडून स्वप्नाने हाक मारली, सामोसे आले होते, आणि ती वही मिटून गेली.

आता लिहायला बसले आहे तर सालीवर नक्की काय होतं, ते मलाच आठवत नाही. मीही बघितलं नव्हतं.